भांग रुंद होतोय आणि ड्युटी सुटत नाही: रेसिडेंट डॉक्टर मुलींच्या केसगळतीविषयी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी रेसिडेंट डॉक्टर, वय सत्तावीस, घर खानापूर तालुक्यात. सप्टेंबरात डेंग्यू होऊन गेला आणि डिसेंबरपासून न्हाताना मूठमूठ केस जातात. पण भांग त्याच्याही वर्षभर आधीपासून रुंद होत होता, आता ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दिव्याखाली टाळू दिसते. दिवसातले आठ-दहा तास डोक्यावर टोपी. बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून घेतात त्या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू आहेत. एका सिनियरकडची मिनॉक्सिडिलची, म्हणजे केस वाढवायला टाळूवर लावायच्या औषधाची, बाटली तीन आठवडे लावली, गळती वाढली म्हणून सोडली. आई म्हणते, कांद्याचा रस लाव. पेशंट तोंडावर विचारतात, घरी स्थळं बघायचं चाललंय. काय करू, आणि तोवर झाकू कसं?

उत्तर लांब आहे, कारण तुमच्या डोक्यावर बहुधा दोन गोष्टी एकत्र चालल्या आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. त्याआधी एक सांगते: निदान आणि झाकणं, दोन्ही याच आठवड्यात सुरू करा. "आधी बरं होऊ दे, मग बघू" म्हणत सहा महिने मान खाली घालून राउंड करायची गरज नाही. आणि टॉपर (विरळ भागावर क्लिपांनी बसवायचा केसांचा तुकडा) छान बसला म्हणून तपासणी लांबवायचीही नाही.

डेंग्यूची गळती आणि रुंद होणारा भांग

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले 85 ते 90 टक्के वाढत असतात, बाकीचे बहुतेक टेलोजेनमध्ये, म्हणजे विसाव्यात. हा विसावा सुमारे तीन महिन्यांचा. तो संपला की केस सुटतो. रोज 50 ते 100 केस जाणं म्हणूनच सामान्य आहे. मोठा ताप आला, खूप रक्तस्राव झाला, बाळंतपण झालं किंवा वजन झपाट्यानं उतरलं, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. सप्टेंबरचा ताप आणि डिसेंबरची गळती, हिशेब बरोबर जुळतो. हे टेलोजेन एफ्लुव्हियम. यात मूळ जिवंत असतं, कारण दूर झालं की तीन ते सहा महिन्यांत गळती ओसरते. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी भरायला वर्ष-दीड वर्ष जातं. या काळात "औषध लागू पडेना" असं वाटून मुली डॉक्टर बदलत राहतात.

पण भांग डेंग्यूच्या आधीपासून रुंद होत होता, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. डेंग्यूच्या नादात ते मागे पडू देऊ नका. बायकांमधल्या आनुवंशिक विरळपणात केस नुसता गळत नाही, तो दर फेरीला बारीक होत जातो. कपाळावरची रेषा बहुधा टिकते, विरळपणा टाळूवर आणि भांगात दिसतो, भांगाच्या पुढच्या टोकाला जास्त. लुडविगनं 1977 मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. तुमचं वर्णन पहिल्या पायरीत, फार तर दुसरीच्या तोंडाशी बसतं. हा वारसा आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि अशा बहुतेक मुलींचं टेस्टोस्टेरॉन रक्तात नॉर्मलच निघतं. ही स्थिती आपोआप परतत नाही. डेंग्यूनं ती निर्माण केली नाही, झाकली होती ती उघड केली.

नाइट ड्युटीनं केस गेले असं सरसकट म्हणू नये. ड्युटीबरोबर येणाऱ्या गोष्टी, म्हणजे चुकलेली जेवणं, चहावर काढलेला दिवस, अंगावर काढलेला मासिक पाळीचा जास्तीचा रक्तस्राव आणि आठ तास ताणून बांधलेला बुचडा, या मात्र खरोखर नडतात.

होस्टेलच्या खोलीत करता येईल अशी तपासणी

आधी केस तुटतोय की मुळापासून सुटतोय ते बघा. गळलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून आला. दोन्ही टोकं बोथट असतील तर मधेच तुटला, आणि मग कारण रबर बँड, टोपी, ओले केस विंचरणं किंवा पाणी.

दुसरी तपासणी धुण्याची. पाच दिवस डोकं धुवायचं नाही. सहाव्या दिवशी बेसिनच्या भोकावर गॉज बसवून शाम्पू करायचा, गॉजवरचे सगळे केस गोळा करून वाळवायचे आणि मोजायचे. तीन सेंटिमीटरपेक्षा आखूड आणि बारीक केस वेगळे काढा. एकूण केस शंभरावर आणि आखूड दहा टक्क्यांहून कमी, तर गळती टेलोजेनची. एकूण शंभराच्या आत पण आखूड दहा टक्के किंवा जास्त, तर आनुवंशिक विरळपणा. दोन्ही आकडे वर, तर दोन्ही एकत्र. तुमचं उत्तर इथं येईल असा माझा अंदाज. टोपीच्या दिवसांत पाच दिवस थांबणं अवघड आहे, म्हणून सुट्टीला जोडून करा. आणि हे एकदाच करायचं. रोज उशीवरचे केस मोजत बसलात तर हाती काळजीशिवाय काही लागत नाही.

तिसरं म्हणजे फोटो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांवर, मधोमध भांग पाडून, वरून एक आणि दोन्ही कानशिलांचा एकेक. फ्लॅश नको. आरशातल्या आठवणीपेक्षा हे फोटो जास्त खरं बोलतात, आणि सहा महिन्यांनी औषध चाललं की नाही हे ठरवायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपनं (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं) बघतील ते केसांच्या जाडीतला फरक. शेजारशेजारच्या केसांमध्ये वीस टक्क्यांहून जास्त केस बारीक झालेले दिसले तर आनुवंशिक विरळपणा जवळजवळ नक्की. स्वतःच्याच हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवायला संकोच वाटत असेल तर कोल्हापूर किंवा हुबळीला जाऊन या, दोन्ही दोन-अडीच तासांच्या आत आहेत. संकोच करून न दाखवण्यापेक्षा एक कॅज्युअल लीव्ह गेलेली परवडली. फक्त स्वतःच स्वतःला औषध लिहून घेऊ नका. दुसऱ्याची हिस्ट्री घेताना आपण पाळी विचारतो, वजन विचारतो, चालू गोळ्या विचारतो. स्वतःच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं. पिंपल्ससाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, मायग्रेनसाठीचं प्रोप्रानोलॉल किंवा व्हॅल्प्रोएट, यांनीही केस गळतात.

रक्त कोणतं तपासायचं

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी12 आणि डी ही जीवनसत्त्वं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा वजन वाढत असेल तरच टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन या हार्मोनांशी संबंधित तपासण्या. आणि तेही पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना. वीस-पंचवीस तपासण्यांची "हेअर पॅकेज" घेऊ नका. त्यातून एखादा निरर्थक आकडा लाल अक्षरात येतो आणि पुढचा महिना त्याच्यामागे जातो.

सॅम्पल देण्याआधी बायोटिन बंद करा, किमान तीन दिवस. केसांच्या गोळ्यांत ते 5 ते 10 मिलिग्रॅम असतं, शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. रक्तातली हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच इम्युनोअ‍ॅसे मशिनी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन जोडीवर चालतात, त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त येतो. थायरॉइडचा आजार नसताना हायपरथायरॉइड, म्हणजे वाढलेला थायरॉइड, दिसतो. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणीही खोटी कमी येऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएनं 2017 मध्ये यावर इशारा दिला होता. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यानं ही गोष्ट पेशंटसाठीही लक्षात ठेवावी. खरी बायोटिनची कमतरता फार विरळा असते. तुमच्या गोळ्या बंदच केल्या तरी केसांचं काही बिघडणार नाही.

फेरिटिन 30 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला, हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी. केसांसाठी आम्ही बरेच जण ते 40 च्या वर न्यायचा प्रयत्न करतो. ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा आजारपणात काढलेला आकडा धरू नका. गोळी एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं: 60 ते 100 मिलिग्रॅम एलिमेंटल (म्हणजे प्रत्यक्ष) लोह, रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको. आपल्याकडे मोडतं ते इथंच: सकाळी सातच्या राउंडआधी चहा, त्याच घोटाबरोबर गोळी, आणि तीन महिन्यांनी फेरिटिन जिथल्या तिथं. झोपायच्या आधी घ्या, प्रश्न मिटतो. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन.

मेसच्या ताटाबद्दल थोडंच. पंचावन्न किलो वजनाला रोज 45 ते 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. पोहे, चहा, भात-आमटी यांत ती निम्मीही भरत नाहीत. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7, पेलाभर दुधात 6 ते 7, वाटीभर मटकीच्या उसळीत साधारण तेवढीच. घरून येताना शेंगाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे आणा, नाइटला पिशवीत दोन उकडलेली अंडी ठेवा. गोकाकचं करदंट (सुकामेवा, डिंक आणि गुळाची वडी) चालेल, कुंदा मात्र नुसता खवा आणि साखर आहे. अळिवाचे लाडू आईनं दिले तर आवडीनं खा, पण संपलेला लोहाचा साठा लाडवांनी भरून येत नाही, गोळी लागतेच.

मिनॉक्सिडिल: आधी बाटलीवरचं लेबल वाचा

सिनियरकडून घेतलेली बाटली पुरुषांसाठीची असण्याची शक्यता खूप. आपल्या बाजारात मिनॉक्सिडिल 5 टक्के आणि फिनास्टेराइड 0.1 टक्के एकत्र असलेली सोल्यूशन्स सर्रास मिळतात, बाटली दिसायला जवळजवळ सारखीच. गर्भ राहू शकणाऱ्या वयात फिनास्टेराइड नको. पोटातला गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होतो. लेबलवर फक्त मिनॉक्सिडिल लिहिलेलं असेल तीच बाटली घ्या.

बायकांसाठी दोन नेमके प्रकार आहेत. 2 टक्के सोल्यूशन, दर वेळी 1 मिली, दिवसातून दोनदा. किंवा 5 टक्के फोम, अर्धं टोपण, दिवसातून एकदा. ड्युटी असलेल्या मुलीला मी फोमच सुचवते. दिवसातून दोनदा लावणं रेसिडेन्सीत टिकत नाही, आणि फोममध्ये टाळूला खाज आणणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रावक नसतं, त्यामुळे खाज-कोंडा कमी. फोम थंड बोटांवर घ्या, नाहीतर लावायच्या आधीच विरघळतो.

लावायची पद्धत: टाळू कोरडी. मधोमध भांग पाडून त्या रेषेवर, मग दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर आणखी दोन-दोन रेषा पाडून त्यांवर. औषध टाळूला लागायला हवं. केसांना लागलं ते वाया गेलं. चोळायचं नाही, टेकवायचं. हात धुवायचे. कपाळावर ओघळ आला तर लगेच पुसायचा, तिथं लव येते ती याचमुळे. उशीवर डोकं टेकायच्या किमान दोन तास आधी लावा, म्हणजे ते उशीवरून गालाला लागत नाही. नाइट असेल तर सकाळी खोलीवर आल्यावर अंघोळ, मग औषध, मग नाश्ता आणि फोन, मग झोप. ओटीला जायच्या आधी लावून वर टोपी चढवू नका. टोपीखाली घाम आणि ऊब असते, औषध जास्त शोषलं जातं, टाळू चुरचुरते आणि ओघळ भुवईपर्यंत येतो. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

आता तुम्ही सोडलं त्या तिसऱ्या आठवड्याबद्दल. मिनॉक्सिडिल विसाव्यातल्या केसाला ढकलून नवा केस वाढीला लावतं. म्हणून दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. ती औषध लागू झाल्याची खूण असते, आणि बहुतेक मुली नेमक्या याच वेळी बाटली कपाटात टाकतात. शिवाय तुमच्या बाबतीत डेंग्यूची गळतीही त्याच आठवड्यांत चालू होती. चार ते सहा महिने द्या, फोटो बघून ठरवा. बंद केलं की मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं, हेही आधीच माहीत असू द्या. गर्भधारणेचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलून थांबवायचं, स्तनपानातही नको. खोलीवर मांजर येत असेल तर बाटली आणि औषध लागलेली उशी तिच्यापासून लांब ठेवा; मांजरांना हे औषध जीवघेणं ठरतं.

कमी मात्रेतलं तोंडी मिनॉक्सिडिल, रोज 0.25 ते 1.25 मिलिग्रॅम, हल्ली बरंच वापरलं जातं आणि ड्युटीला सोयीचंही आहे. पण ते मूळचं रक्तदाबाचं औषध आहे. पायाला सूज, धडधड, चेहऱ्यावर लव, हे बघत बघत तज्ज्ञाच्या हाताखालीच घ्यायचं. पीसीओएस (बीजाशयांशी संबंधित हार्मोनांचा बिघाड) असेल तर स्पायरोनोलॅक्टोन 50 ते 100 मिलिग्रॅम उपयोगी पडतं. त्यासोबत गर्भनिरोधन पक्कं हवं, कारण तेही पुरुष-गर्भाला घातक.

टोपी, बुचडा आणि हेल्मेट

कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला केस कमी होत असतील, पण अगदी कडेची बारीक लव शिल्लक असेल, तर ताणानं केस जातायत असं समजा. सुरुवातीला हे पूर्ण परतवता येतं. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळं मरतात आणि मग कोणतंही औषध चालत नाही. हिजाबच्या आत घट्ट बुचडा आणि पिना लावणाऱ्या मुलींनाही हेच लागू आहे.

बुचडा मानेवर, सैल, सॅटिनच्या स्क्रंचीनं. जागा रोज बदला: एक दिवस मधे, एक दिवस डाव्या खांद्याकडे, एक दिवस सैल वेणी घालून ती गुंडाळून. ओटीच्या टोपीचं इलॅस्टिक काढल्यावर दहा मिनिटांनीही कपाळावर वळ दिसत असेल तर ते घट्ट आहे. मऊ सुती, मागे नाडी असलेली टोपी चांगली. पुढच्या पट्टीला आतून सॅटिनची अस्तरपट्टी कोणत्याही शिंप्याकडून शिवून घेता येते. अशा पाच-सहा ठेवा, रोज एक, गरम पाण्यात धुतलेली. तुमच्या ओटीत फक्त डिस्पोजेबलच चालत असेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारून आत पातळ सॅटिनची टोपी आणि वरून डिस्पोजेबल. दोन ऑपरेशनांच्या मधे अर्धा तास मिळाला तर चेंजिंग रूममध्ये बुचडा सोडा, टाळूवर बोटं फिरवा, मग पुन्हा बांधा. ओले केस कधीच बांधू नका. ओला केस ताणला की कोरड्यापेक्षा फार सहज तुटतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावच्या पावसात हे सांगणं सोपं, करणं अवघड, याची कल्पना आहे. होस्टेलवर टॉवेलही वाळत नाही. रात्री न्हायचं सोडून संध्याकाळी न्हा, जुन्या सुती ओढणीनं टिपा, टेबल फॅनसमोर बसा. ड्रायर वापरलात तर वीतभर लांबून आणि कोमट. ओलसर टाळू, घाम आणि वर तेल, यातून कोंडा आणि खाज वाढते. तसं झालं तर 2 टक्के केटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे. खाजवून खाजवूनही केस जातात.

तेलाबद्दल आईशी भांडू नका. न्हाण्याआधी तासभर केसांच्या लांबीला खोबरेल लावलं तर केस कमी तुटतात, हे खरं आहे. मुळांना ते काही करत नाही, आणि रात्रभर टाळूवर थापलं तर कोंड्याला खतपाणी. कांद्याचा रस मात्र नको, टाळू भाजलेल्या मुली दर पावसाळ्यात येतात. डोकं एक दिवसाआड धुवायला हरकत नाही. धुताना जाणारे केस आधीच सुटलेले असतात. आठवड्यातून एकदाच धुतलं तर आठवड्याचे एकदम हाती येतात आणि काळजाचं पाणी होतं.

पाण्याचं म्हणाल तर राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं तोवर तक्रार कमी. उन्हाळ्यात होस्टेलला बोअरचं किंवा टँकरचं पाणी आलं की केस काथ्यासारखे राठ होतात. जड पाण्यानं केस तुटतो, मूळ मरत नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या आणि कंडिशनर लांबीला लावा, एवढ्यानं भागतं. नळाला लावायच्या महागड्या उपकरणांवर पैसे घालू नका.

स्कूटीवर हेल्मेटच्या आत पातळ सुती किंवा सॅटिनचा रुमाल बांधा. हेल्मेट घालताना मागून पुढे ओढू नका, दोन्ही बाजूंनी फाकवून सरळ वरून बसवा.

झाकायचं कसं

ओटीच्या दिवशी टोपीच सगळं झाकते. खरी गरज ओपीडीत, राउंडला, सेमिनारला आणि चेंजिंग रूममधून बाहेर पडताना. ते ध्यानात घेऊन साधन निवडा.

भांग नुसता रुंद झाला असेल तर केसांच्या रंगाची रूट पावडर पुरते. चपट्या ब्रशनं टाळूवरच टेकवत लावायची, रंग केसांपेक्षा किंचित गडद. त्वचेची चमक गेली की विरळपणा निम्मा दिसेनासा होतो. शिवाय भांग मधोमध न पाडता थोडा तिरका, नागमोडी पाडा. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर पाडलेला भांग सगळ्यात उघडा दिसतो.

केराटिनचे फायबर जास्त झाकतात. मिनॉक्सिडिल पूर्ण वाळल्यावर, कोरड्या केसांवर, थोडे थोडे शिंपडून थापटायचे, वर होल्डिंग स्प्रे. पण फायबर घाम, पाऊस आणि हेल्मेट, तिन्हींना हार जातात, आणि टोपी काढताना-घालताना झडतात. ओटीच्या दिवशी लावूच नका. निर्जंतुक टेबलाजवळ झडणारी कोणतीही वस्तू डोक्यावर नसावी, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच दिवशी रात्री शाम्पूनं काढून टाका.

विरळपणा वाढला असेल तर टॉपर. मोजमाप असं: विरळ भाग पुढून मागे किती आणि आडवा किती ते टेपनं मोजा, प्रत्येक बाजूला दीड-दोन सेंटिमीटर वाढवा, तेवढा बेस घ्या. कारण क्लिप दाट, धडधाकट केसांवर बसायला हवी. विरळ केसांवर बसली तर उरलेलेही ओढून नेते. दाटपणा कमी निवडा, एकदम घनदाट केसांचा टॉपर लांबूनच ओळखू येतो. रंग कपाळालगतच्या केसांशी जुळवू नका, केसांच्या मधल्या लांबीशी जुळवा, आणि तेही दिवसाच्या उजेडात. झोपताना काढायचा, क्लिपची जागा दोन-तीन दिवसांनी बदलायची. चिकट टेपनं किंवा बाँडनं कायम बसवलेला प्रकार रेसिडेंटनं टाळावा: घामानं सुटतो, खाली टाळू खरवडली जाते आणि औषध लावायला जागाच उरत नाही.

दोन धोके दुकानदार सांगत नाहीत. टॉपरच्या क्लिपा आणि केसांच्या पिना लोखंडी असू शकतात. पेशंटबरोबर एमआरआयच्या खोलीत जायची वेळ आली तर आधी टॉपर उतरवा, तोही बाहेरच्या खोलीत. म्हणून खिशात एक सुती टोपी कायम असू द्या. आणि कृत्रिम धाग्याचा टॉपर ऑटोक्लेव्हच्या वाफेनं किंवा गॅसच्या धगीनं आखडतो. ज्यांचं काम अशा ठिकाणी आहे त्यांनी खऱ्या केसांचाच घ्यावा.

पीआरपीनं (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात त्या उपचारानं) काहींना फायदा होतो, पण तो मिनॉक्सिडिलच्या जोडीनं. एकट्या पीआरपीवर भिस्त ठेवू नये. हेअर ट्रान्सप्लांटचा विचार गळती पूर्ण थांबून वर्ष झाल्याशिवाय नको. केराटिन-स्मूदनिंग (केस सरळ-मऊ करायची पार्लरमधली ट्रीटमेंट) या वर्षी अजिबात नको; त्यांतल्या पुष्कळांत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं. अ‍ॅनाटॉमी हॉलमध्ये डोळे कशानं झोंबायचे ते आठवा.

लोक बोलतात त्याचं काय

आपल्याकडे पेशंट आपलेपणानं विचारतात, "अक्का, केस का हो एवढे गेले?" रागावू नका आणि हिस्ट्रीही सांगत बसू नका. "ताप येऊन गेला, औषध चालू आहे," एवढं पुरे. कन्नडमध्ये विचारलं तर "औषध नडदैत्री" (औषध चालू आहे) म्हणा आणि लगेच त्यांचा केसपेपर हातात घ्या. युनिटमधलं कोणी वारंवार बोलत असेल तर एकदा बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की हा आजार आहे आणि यावर बोललेलं मला चालणार नाही.

स्थळाच्या बाबतीत माझं मत असं: पहिल्या भेटीला टॉपर घालून जाण्यात काहीच खोटं नाही. चष्मा लावून जातो तसंच ते. पण बोलणी पुढे गेली की मुलाला स्वतःच्या तोंडानं सांगा, आणि औषध बरीच वर्षं चालणार आहे हेही सांगा. आईला डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्या. "तू नीट खात नाहीस, तेल लावत नाहीस" हे ऐकून घ्यावं लागतं ते घरच्यांना आजाराचं नाव माहीत नसतं म्हणून.

केसांमुळे ओपीडी टाळावीशी वाटत असेल, जेवण सुटलं असेल, झोप मिळूनही लागत नसेल, रडू थांबत नसेल, तर तेही लक्षणच आहे, त्याला उपचार हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416, कोणत्याही वेळी, मोफत. विचार जगण्याच्या विरुद्ध जायला लागले तर त्याच तासाला एखाद्या मैत्रिणीला उठवा आणि कॅज्युअल्टी गाठा.

कशासाठी थांबायचं नाही

वर सांगितलेलं सगळं धीमं काम आहे. पण काही खुणा दिसल्या तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, कडेचे केस वर जाड आणि मुळाशी बारीक दिसले, तर अ‍ॅलोपेशिया अरेटा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते तो आजार. छोट्या चट्ट्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं चार ते सहा आठवड्यांनी देतात. मोठ्या आजारासाठी बॅरिसिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे या गटातली गोळी सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवीच, आणि वॉर्डात रोज टीबीचे पेशंट हाताळणाऱ्या रेसिडेंटनं तर ती टाळूच नये.

टाळू दुखते किंवा जळजळते, केसांच्या मुळांभोवती लाली आणि खपली आहे, पू आहे, किंवा चट्ट्यावरची छिद्रंच नाहीशी होऊन कातडी चकचकीत झाली आहे, तर हा व्रण पाडणारा प्रकार असू शकतो. तिथं 4 मिलिमीटरची पंच बायॉप्सी (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणं) लागते आणि उशीर झालेल्या प्रत्येक आठवड्याला मुळं कायमची जातात. भुवया विरळ होणं, तोंडात फोड आणि सांधेदुखी, पाळी बंद पडणं, आवाज घोगरा होणं, हनुवटीवर भराभर केस येणं, यांपैकी काहीही सोबत असलं तर केसांचं औषध बाजूला ठेवा आणि आधी मेडिसिन किंवा गायनॅककडे जा. यातलं काहीच नसेल तर या रविवारी फोटो काढा, बायोटिन थांबवा आणि पुढच्या गुरुवारी सकाळी, चहाच्या आधी, रक्त द्या.